टाकीचं कुलूप

आमच्या मैदानावरची गाडी बंद पडत नव्हती, ती कोणीतरी बंद पाडत होतं. हे गावाने आधी ठरवलं आणि पुरावा मग शोधायला घेतला.

गाडी म्हणजे बसून चालवायची, गवत कापायची मशीन. एका राइस मिलवाल्याने फार्महाऊससाठी घेतली होती. हौस फिटली तेव्हा नारळ फोडून मैदान समितीला दान दिली आणि फोटो काढून घेतला. दिसायला लहान ट्रॅक्टरसारखी. समोर बॉनेटखाली इंजिन, त्याच्या वर पेट्रोलची टाकी, पोटाखाली पाती. चालवायला समितीने एक मामा ठेवले होते. सालेकशाकडच्या जंगलपट्टीतला माणूस, आधी रोपवाटिकेत रोजीने जायचा. कचारगडच्या जत्रेतून आणलेला छोटा पिवळा झेंडा त्यांनी स्टिअरिंगशेजारी बांधला होता. मशीनपेक्षा झेंडाच जास्त धडधाकट होता.

मैदान कागदावर सगळ्यांचं. खरी गरज आम्हा पोरींना. पोलीस भरतीसाठी आम्ही तिथे पहाटे धावायचो, कारण रस्त्यावर धावलं की मोटारसायकलवाले बाजूने हळू चालवतात आणि मैलभर फुकट सल्ला देतात. पोळ्यानंतर मैदानावरचं गवत गुडघ्याला लागलं. बाजूला बोडी, म्हणजे पाणी, म्हणजे बेडूक, म्हणजे साप. आणि मशीन काय करायची? सुरू व्हायची, गोलपोस्टपर्यंत जायची, दोन धापा टाकायची आणि बंद.

समितीचे सचिव निवृत्त बाबू. त्यांना सगळेच बाबूजी म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा. मामा पेट्रोल काढतात असा त्यांना संशय होता. पुरावा शून्य. तरी पोळ्याच्या आधीच त्यांनी गोंदियाहून टाकीला कुलपाचं झाकण आणून बसवलं. तेवढ्याने समाधान झालं नाही, म्हणून आतून ट्यूबचं जाड वायसर, म्हणजे रबरी वॉशर, कापून घट्ट लावून घेतलं. चाबी स्वतःच्या जानव्याला बांधली. आम्हाला सांगत होते, "आता पेट्रोल सोडा, हवासुद्धा निघणार नाही त्याच्यातून."

त्यांचा युक्तिवाद ऐका.

"देखो बेटा, सीधी बात आहे. मी चाबी घेऊन येतो, झाकण उघडतो, आत पेट्रोल भरपूर. झाकण लावतो, गाडी सुरू. मी घरी गेलो का पुन्हा बंद. मग बिघाड गाडीत आहे का माणसात? चाबी आपल्या हातात द्यावी म्हणून नाटक करून राहिला हा."

रविवारच्या बैठकीत मामांना काढायचं, हे त्यांनी पक्कं केलं होतं. नुसतं काढलं असतं तर मामा दुसरीकडे कामाला गेले असते. पण पेट्रोलचोर म्हणून काढलेल्या माणसाला या टापूत ट्रॅक्टरवर कोण बसवणार? मामांना तेच खात होतं.

"बाई, मी कायले बंद करीन?" ते मला म्हणाले. "गवतात उतरून ढकलत तं मलेच आनावं लागते."

माझा संशय बाबूजींवर. त्यांचा पुतण्या लग्नाचे मंडप भाड्याने देतो. गवत वाढलं, पोरी धावायच्या थांबल्या, की मैदान मोकळंच. मग घाला मांडव. मी ज्या संघटनेत काम करते, तिच्या पत्रकाचा मथळा माझ्या डोक्यात तयार होता. पण आमच्या संघटनेत पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात: निधी वरून किती निघाला आणि खाली किती पोचला, ते मधल्या प्रत्येक टेबलावर जाऊन विचारा. गावच्या रस्त्याच्या कामाचा हिशेब मागताना मी तेच केलं होतं. पेट्रोलही वरूनच निघतं आणि खाली पोचतं. मधे टेबलं फार नाहीत.

पहिलं टेबल, पेट्रोल स्वतः. सगळं गाव म्हणत होतं की पंपावरूनच पाणी मिसळून येतं. मी त्याच पंपावरचं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन सावलीत ठेवलं. पाणी असतं तर तळाला वेगळं बसलं असतं. काही बसलं नाही. दुसरं टेबल, फिल्टर. बोटाएवढी प्लास्टिकची डबी. मळकट होती, मी नवीन आणली, मामांनी बसवली. गाडी गोलपोस्टपर्यंत गेली आणि बंद. तिसरं टेबल मिस्त्री. त्याने बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "कार्बोरेटर गया, बदलना पडेगा." मी विचारलं, "पाहिला का?" म्हणाला, "आवाज से समझता है." आवाज? मशीन तेव्हा बंद होती. त्याला मी चहा पाजून परत पाठवला.

राहिली नळी आणि टाकी. टाकीची चाबी बाबूजींच्या जानव्याला.

शनिवारी सकाळी मी त्यांना मैदानावर घेऊन आले. खरं म्हणजे, "तुम्ही येत नसाल तर का येत नाही ते छापते," असं म्हटल्यावर ते आले. प्लास्टिकची खुर्ची टाकून गोलपोस्टजवळ बसले, छत्री उघडून. धावायला आलेल्या पोरीही थांबल्या. तमाशा कोणाला नको असतो?

मामांनी मशीन सुरू केली. कडेचा पट्टा कापत कापत आमच्यासमोर आले. धाप, धाप, बंद.

बाबूजी लगेच उठले. चाबी काढली. "पाहिलं? आता पाहा, मी झाकण उघडतो आणि..."

"थांबा बाबूजी. चाबी लावायची नाही."

"काऊन?"

"तुम्ही दर वेळी पहिलं काम तेच करता. आज शेवटी करा."

मामांनी सेल मारला. इंजिन फिरलं, पेटलं नाही. पुन्हा मारला. नाही. मी म्हटलं, "नळी काढा." त्यांनी इंजिनकडे जाणारी नळी ओढून काढली आणि खाली डबा धरला. पेट्रोलचे चार थेंब पडले आणि थांबले. टाकी वर, नळी खाली, मधे नवा फिल्टर. मामांनी मशीन हलवली. टाकीत डबडब ऐकू येत होतं, म्हणजे पेट्रोल होतं. पण ते खाली उतरत नव्हतं.

"आता लावा चाबी," मी म्हटलं.

बाबूजींनी चाबी फिरवली. झाकण सैल झालं तसा सुस्स असा आवाज आला. हवा बाहेर येण्याचा नाही, आत ओढली जाण्याचा. आणि त्याच क्षणी मामांच्या डब्यात धार लागली. मामांनी घाईने नळीच्या तोंडावर अंगठा दाबला.

मग एक पोरगी म्हणाली, "म्हणजे टाकीचा गळाच दाबला होता ना!"

झाकण पालथं करून पाहिलं. त्याला हवा आत जायला बारीक भोकं होती, कंपनीनेच ठेवलेली. सगळी बाबूजींच्या ट्यूबच्या वायसरने झाकलेली. पेट्रोल जेवढं खाली जाईल तेवढी हवा वरून आत यायला पाहिजे, नाहीतर पेट्रोल वरच अडकून राहतं. बाबूजी येत, झाकण उघडत, हवा आत जाई, गाडी चाले. बाबूजी घरी जात. बाकी सगळं आपोआप.

मामांनी खिळ्याने वायसर उचकटून काढलं. मला राहवलं नाही. "वायसरच कशाला, कुलूपही फेकून द्या. चोरी झालीच नाही, तर कुलूप कशाला?"

"नाही बाई," मामा म्हणाले. "कुलूप राहू दे."

"अहो, पण का?"

"कुलूप काढलं तं उद्या एखादा लिटर कमी दिसन. मंग कोनाचं नाव घेतीन? कुलूप आहे तं माह्यावर कोनी बोलू शकत नाही. आन चाबी बाबूजीजवरच ठेवा. मले हात बी लावायचा नाही."

मी चिडले. त्यांच्यावरही चिडले. पण त्यांच्या बोलण्यात खोट काढता येईना.

बाबूजी खुर्चीत परत बसले होते. माफी? छे. "मी तर पहिल्यापासून म्हणत होतो," ते म्हणाले, "मशीनमध्येच काहीतरी आहे."

रविवारच्या बैठकीत विषय चहाबरोबर संपला. मामांवरचा आरोप चुकीचा होता असं लिहून द्या, म्हणून मी भांडले. उत्तर मिळालं, "काढलंच नाही, तर लिहायचं काय?" पुतण्याच्या मंडपाचा प्रश्न मी विचारला तेव्हा सगळ्यांनी एकदम बिस्किटं घेतली. तो प्रश्न मी सोडलेला नाही.

गवत मात्र कापलं गेलं. त्या सोमवारी आम्ही धावत होतो आणि मशीन धापा न टाकता फिरत होती. बाबूजी पलीकडच्या टोकाला, छत्रीखाली, पाळतीवर. एक फेरा झाला की मामा इंजिन बंद करत, नेमके बाबूजींपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात. आणि हाक देत:

"बाबूजी! चाबी आना जी! टंकी पाहून घ्या!"

बाबूजी उठत, छत्री सावरत ओल्या गवतातून अख्खं मैदान ओलांडून येत, झाकण उघडून आत पाहत आणि परत जात. ते खुर्चीत टेकले की मामा सेल मारत. पुढच्या फेऱ्याला पुन्हा तोच कोपरा, पुन्हा तीच हाक. चौथ्या वेळी बाबूजी लांबूनच ओरडले, "राहू दे, राहू दे, विश्वास आहे!"

"नाही जी," मामा म्हणाले आणि सीटवर हाताची घडी घालून बसून राहिले. "पाहूनच घ्या."