ओढ्यात काहीच नाही

आक्काबाईचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नाही, तलाठ्यावर नाही, पोटच्या लेकावर तर बिलकूल नाही. जामखेडच्या वेशीबाहेर ओढ्याकाठी तिनं चाळीस वर्षं शेळ्या राखल्या आणि तेवढीच वर्षं तोंड मिटून ठेवलं. फासे लावणारे शिकारी आधी गोड बोलतात, पाणी मागतात, मग सहज विचारतात, "मावशी, इकडं ससे दिसत्यात का?" हे तिला सासूनं शिकवलं होतं. म्हणून ओढ्याकाठच्या सगळ्याच शेळ्यावाल्या बायांचं एक ठरलेलं उत्तर होतं: इथं काही नाही.

खरं तर काय नव्हतं? डोंगरापासून तलावापर्यंत बाभळी-करंजांची दाटी होती आणि त्या आडोशानं रानातलं सगळं खाली पाण्यावर यायचं. ससे, घोरपडी, साळिंदर, लांडोरी. वळणावरच्या दरडीत कोल्हीण दरसाल पिल्लं घालायची. आक्काबाईनं त्या पिल्लांना जितक्या मायेनं न्याहाळलं, तितकं नातवंडांनाही न्याहाळलं नसेल.

गेल्या वर्षी शाळेतल्या प्रज्ञाबाई वही घेऊन आल्या. गावातल्या झाडांची, जनावरांची नोंद करायची होती. गोड बोलल्या, त्यात प्यायला पाणी मागितलं. झालं! आक्काबाईच्या मनात पाल चुकचुकली.

"इथं कोल्हे दिसतात का हो, आक्का?"

"न्हाई बाई. कोल्हं कुठलं? उंदीर बी फिरकत न्हाई हिकडं."

बाईंनी ऐकलं तसं लिहिलं आणि खाली आक्काबाईचं नाव घातलं.

यंदा मार्चमध्ये जमिनीचे व्यवहार करणाऱ्या बजरंगनं ओढ्यालगतची जमीन घेऊन प्लॉट पाडले, आणि मुरमाचे टिपर थेट पात्रात रिकामे होऊ लागले. ओढा बुजवून वरून रस्ता काढायचा होता. प्रज्ञाबाईंनी गावकऱ्यांच्या सह्या घेऊन तहसीलला तक्रार केली. सुनावणीला आक्काबाई गेली, पण मागच्या बाकावर बसली. ही बाई नक्की कुणाच्या बाजूची, याचा अंदाज तिला अजून आला नव्हता.

बजरंगच्या वकिलानं उठून एक कागद वाचला. ग्रामपंचायतीत जमा केलेल्या प्रज्ञाबाईंच्याच वहीतला. "ओढ्यात वन्यप्राणी नाहीत. माहिती देणार आक्काबाई, राहणार ओढ्याकाठी." बजरंग मागं वळून हसला. प्रज्ञाबाईंनी मान खाली घातली. जन्मभर ज्यांना लपवलं, त्यांना आक्काबाईनंच कागदावरून नाहीसं केलं होतं.

ती उठली. "सायेब, मी खोटं बोलले हुते. लई काय काय हाय तिथं."

"मग आत्ताचं खरं कशावरून?" तहसीलदार साहेबांनी विचारलं.

"जागा सांगते की!"

आणि तिनं सांगितल्या. भर कचेरीत, बजरंगच्या माणसांदेखत. साळिंदराची कपार, सशांची जाळी, दरडीतलं कोल्हिणीचं बीळ, आत चार पिल्लं. एकेक जागा सांगताना तिला रडू फुटत होतं. बजरंगचा माणूस मोबाईलमध्ये सगळं टिपून घेत होता. साहेबांनी शुक्रवारी पाहणी ठेवली आणि तोवर टिपर थांबवले.

दुसऱ्याच दिवसापासून, मंगळवारपासून, आक्काबाई काठी घेऊन दिवसभर दरडीपाशी ठाण मांडून बसली. प्रज्ञाबाईंनी भाकरी आणून दिली, तर पहिला तुकडा तिनं शेळीला घातला आणि शेळी धडधाकट आहे हे बघून मग स्वतः खाल्लं. कोल्हं बघायला निम्मं गाव येऊन गेलं. तिनं सगळ्यांना शिव्या घातल्या.

शुक्रवारी साहेब आले तेव्हा बीळ रिकामं होतं.

"बघा साहेब, निव्वळ थापा," बजरंग म्हणाला.

पण वनखात्याचा माणूस वाकून पात्रातली ओली रेती बघत राहिला. ठसे डोंगराकडे गेले होते, परत आले होते, पुन्हा गेले होते. त्यानं मोजल्या त्या चार फेऱ्या. "एकेक पिल्लू तोंडात धरून नेलंय. सगळं ओढ्या-ओढ्यानं. साहेब, ही त्यांची जायची-यायची वाट आहे." साहेबांनी तसाच पंचनामा केला आणि ओढ्यात भराव टाकायला मनाई केली.

परतताना प्रज्ञाबाईंनी हळूच विचारलं, "आक्का, पिल्लं कुठं नेली असतील हो?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच आक्काबाईला ते ठाऊक नव्हतं. कोल्हिणीनं तिलाही पत्ता लागू दिला नव्हता.

"आईशपथ म्हाईत न्हाई, बाई," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

प्रज्ञाबाई नुसत्या हसल्या. त्यांचा काही विश्वास बसला नाही.