मजीदनं सांगितलंय

मजीद शेख औरंगपुऱ्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. हॉस्पिटल मुतखड्याचं. समोर माझं औषधाचं दुकान, त्यामुळं तेरा वर्षं त्याला रोज बघत होतो. माणूस मूळचा शेंद्र्याचा, बाप गवंडी. लग्नानंतर हर्सूलला राहायला गेला, पण गावाकडं जाणं-येणं होतं.

ऑपरेशनच्या आधीचा फोटो तोच काढायचा आणि नंतरचाही तोच. खडा कुठं होता, केवढा होता, दुर्बिणीतून फोडून काढल्यावर मागं काय राहिलं, हे सगळं त्याच्या डोळ्यांखालून जायचं. चार-पाच वर्षांत त्याला अंदाज यायला लागला. फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली की सांगायचा, हा एका दमात मोकळा होईल, ह्याच्या खालच्या कप्प्यात तुकडे राहतील, ह्याला दोनदा आत जावं लागेल. दहांत नऊदा तसंच व्हायचं. चुकला तर दोन दिवस त्याला चैन नसायची. जुनी फिल्म परत मागून घ्यायचा आणि आपलं कुठं चुकलं ते बघत बसायचा.

डॉक्टरांनीही हे हेरलं. अवघड पेशंट असला की ते त्याच्या खोलीत यायचे, दार लावून घ्यायचे आणि विचारायचे, "मजीद, तुझं काय म्हणणं?" दुकानावर चहा प्यायला आला की मजीद हे मला सांगायचा. फुशारकी मारायचा स्वभाव नव्हता त्याचा, पण तेवढं सांगताना चेहरा उजळायचा. एवढा शिकलेला माणूस आपल्याला विचारतो, याचं त्याला फार अप्रूप होतं. एकच अट होती, पेशंटजवळ अक्षर बोलायचं नाही. ती त्याला रास्त वाटायची. बोलणं डॉक्टरचं काम.

२००७ च्या दिवाळीनंतर बन्सी आपल्या बायकोला घेऊन आला. बन्सी आणि मजीद शेंद्र्याच्या शाळेत चौथीपर्यंत शेजारी बसलेले. आता बन्सी तिथल्याच एका कंपनीत कामाला होता आणि बायको मनकर्णाबाई घरची दोन एकर बघायची. तिच्या डाव्या किडनीत खडा होता. किडनीचा आतला सगळा पोकळ भाग त्यानं भरला होता आणि सांबराच्या शिंगांसारखे त्याला फाटे फुटले होते.

बन्सीनं विचारलं, "काय दिसतंय रं?"

मजीद म्हणाला, "डॉक्टरसाहेब सांगतील. मी त्यांना सांगतो."

आणि त्यानं सांगितलंही. हा एकदा जाऊन निघणार नाही, दोनदा तरी जावं लागेल, आणि तरीही खालच्या फाट्यातला सगळा येईलच असं नाही. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, मान हलवली.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत खालच्या कप्प्यात दोन मोठे तुकडे आणि एक अख्खा फाटा तसाच दिसत होता. मजीद फिल्म घेऊन डॉक्टरांकडं गेला. "त्यांना बोलतो मी," डॉक्टर म्हणाले. मजीदला वाटलं, आता महिन्या-दीड महिन्यानं दुसऱ्यांदा बोलावतील. पुढं बन्सी भेटायचा तेव्हा मजीद तब्येत विचारायचा. बन्सी म्हणायचा, मधूनमधून कंबर धरते, बाकी बरी आहे. दुसऱ्या ऑपरेशनचा विषय त्यानं काढला नाही आणि यानंही काढला नाही.

आठ महिन्यांनी मनकर्णाबाईला थंडी वाजून ताप भरला. घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा किडनीत पू झालेला. तिथल्या डॉक्टरांनी जीव वाचवला, किडनी मात्र काढून टाकावी लागली.

ती घरी आल्यावर बन्सी हॉस्पिटलवर आला. भांडला नाही. माझ्या दुकानापुढच्या बाकावर बसून त्यानं मजीदला बोलावून घेतलं.

"तुझ्या शब्दावर सही केली मी," तो म्हणाला. "लई भरवसा होता तुझा."

"कोणत्या शब्दावर?"

"डॉक्टर म्हणले, मजीदनं फोटो बघितलाय, मजीदनं सांगितलंय, एका बारीत साफ होईल. तू गावचा माणूस. मी पुढं काय विचारतो?"

मजीद उठला आणि रस्ता ओलांडून थेट डॉक्टरांच्या खोलीत गेला. तिथं काय झालं ते त्यानंच मला नंतर सांगितलं. डॉक्टर चिडले नाहीत, उलट समजावत होते. दोनदा ऑपरेशन म्हटलं की लोक बिचकतात, दुसरीकडं जातात. शेंद्रा, करमाड, चिकलठाण्याकडचे लोक तुझं नाव ऐकलं की निवांत टेबलावर झोपतात. यात तुझा मानच आहे. मजीदनं विचारलं, असं किती जणांना सांगितलं? डॉक्टर म्हणाले, "आता ते काय मोजत बसायचं?"

दुसऱ्या दिवसापासून तो कामावर गेला नाही.

त्याची बायको सगीरा त्याला म्हणाली, आधी शेंद्र्याला जा, तू डॉक्टरला काय सांगितलं होतंस ते त्या बाईला सांग. तो गेला. ऑपरेशननंतरची फिल्म हॉस्पिटलच्या पाकिटात, बन्सीच्या घरीच कपाटावर पडलेली होती. सोबत डिस्चार्जचा कागद, त्यावर सर्व खडे काढल्याचं लिहिलेलं. मजीदनं अंगणात फिल्म उजेडाकडं धरली आणि मनकर्णाबाईला पांढरे तुकडे दाखवले.

तिनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "हे तवाच दिसत व्हतं?"

"व्हय, वहिनी."

"तुम्हाला दिसलं व्हतं?"

"दिसलं होतं. मी डॉक्टरला सांगितलं."

"मला नाय सांगितलं," ती म्हणाली.

पेशंटशी बोलायची मनाई होती, असं तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही.

बन्सीनं ग्राहक मंचात तक्रार केली. मजीद आपण होऊन साक्षीला उभा राहिला. डॉक्टरांचं लेखी उत्तर आलं. त्यात होतं की मजीद शेख हा केवळ फोटो काढणारा कामगार असून ऑपरेशनचा परिणाम सांगण्याचं त्याला ज्ञान नाही, आणि आम्ही त्याचं मत कधीही विचारलेलं नाही. वकिलानं ते मंचापुढं मोठ्यानं वाचलं. डॉक्टर समोरच बसले होते. मजीद त्यांच्याकडं बघत राहिला, त्यांनी मान वर केली नाही. मग वकिलानं विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात का?" हा म्हणाला, नाही. तेवढ्यावर त्याची साक्ष संपली.

तीन वर्षांनी निकाल मनकर्णाबाईच्या बाजूनं लागला. दुसऱ्या एका तज्ज्ञ डॉक्टरनं फिल्म आणि डिस्चार्जचा कागद शेजारी ठेवून सांगितलं की तुकडे स्पष्ट दिसताहेत आणि ते पेशंटला सांगायला हवे होते. निकालपत्र मी वाचलं, त्यात मजीदचं नाव साक्षीदारांच्या यादीपलीकडं कुठं नाही. किडनीचं पाप आपल्याही माथी आहे, हे तो मान्य करतो. पण "कधीही विचारलेलं नाही" हे तीन शब्दही त्याला गिळता आलेले नाहीत. इतकी वर्षं दार लावून तो माणूस आपल्याशी बोलत होता, मग ते काय होतं, असं त्यानं मला दोनदा विचारलंय.

आता तो हर्सूलच्या एका लहान एक्स-रे सेंटरवर आहे. मुतखड्याचा पेशंट आला की फिल्म हातात देताना सांगतो, मी डॉक्टर नाही, पण ऑपरेशनआधी त्यांना विचारा, मागं किती राहू शकतं आणि राहिलं तर पुढं काय करणार. अशा बोलण्यापायी मधल्या एका सेंटरवरची नोकरी गेली त्याची.

बन्सी रस्त्यात भेटला की पोराबाळांची चौकशी करतो. मनकर्णाबाई एका किडनीवर बरी आहे, शेतात जाते. दर सहा महिन्यांनी तपासणीला शहरात येते. तिच्या गाडीच्या वाटेवरून हर्सूल काही लांब नाही, पण फोटो ती दुसरीकडं काढते.