मिनिटाला पंचाहत्तर फेरे

भोरहून निघालो तेव्हा आम्ही दोघं होतो. राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्याला मी एकटाच पोचलो, आणि टपरीवर दोन चहा सांगेपर्यंत मला ते कळलं नव्हतं.

मागे राहिला तो वसंता, माझा ऑफिसातला जुना सोबती. पुढच्या आठवड्यात त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन, आणि नंतर सायकल कायमची बंद. त्याआधी राजगडाच्या पायथ्याला सायकलने एकदा जायचं, एवढीच त्याची इच्छा. डॉक्टर म्हणाले, जा, पण जोर लावू नका. पाय हलके आणि भराभर फिरवा. ते ऐकून मी लगेच केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) दाखवणारा सायकल-कॉम्प्युटर आणला. वायरवालाच. बिनवायरच्याची बॅटरी नेमकी चढावर संपते, हे मी न विचारता सगळ्यांना सांगतो. चुंबक पेडलच्या दांड्याला, सेन्सर फ्रेमला, वायर ब्रेकच्या केबलला गुंडाळून हँडलपर्यंत. बसवला मात्र माझ्या सायकलला. "मी पुढे राहून लय धरतो, तू मागून ये," असं त्याला पटवलं.

नसरापूरपर्यंत गप्पा चालल्या. तिथे वडापाव खाल्ला. वसंता एका हाताने गुडघा चोळत होता, पण खुशीत होता. मार्गासनी सोडल्यावर आकडा ठरवलेल्या पंचाहत्तरच्या खाली घसरू लागला. मी गिअर हलका केला, मान खाली घातली. दोन्ही अंगांना भातं कापून झालेली, समोर राजगड. हे सगळं मी परतताना पाहिलं.

गुंजवण्याच्या टपरीपाशी हँडल वळवलं आणि वायर तटकन तुटली. नीटनेटकी दिसावी म्हणून मी ती ताणून बांधली होती. आकडा गेला.

"मावशी, दोन चहा."

मावशींनी माझ्या मागे पाहिलं. "दुसरं कोण हाय?"

तसाच उलटा फिरलो. वाटेतल्या खळ्यावर (मळणीच्या जागेवर) एक आजी भात झोडत होत्या.

"सायकलवाले कुणी दिसले का हो?"

"गुडगं धरून बसल्यालं त्ये? लई हाका मारल्या की तुमाला. आमी बी मारल्या."

"ऐकू नाही आलं."

"मग खाली मान घालून काय हुडकत हुता?" आजींनी पेंढी आपटली. "टेम्पोत घातलं त्यास्नी. पाय टेकवंना."

टेम्पो मार्गासनीला भाताची पोती चढवत थांबला होता. मागे सायकल आडवी, तिच्याशेजारी वसंता, राजगडाकडे पाठ करून. मीही चढलो.

"पुन्हा येऊ की रे," मी म्हणालो. पुन्हा नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याने पोत्याला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

यंत्राला दोष देता आला असता तर बरं झालं असतं. पण ते पंचाहत्तर फेरे अगदी खरे होते. तेवढ्याच इमानाने मी त्याच्यापासून लांब जात होतो.

भोरला त्याला धरून उतरवताना म्हणालो, "दवाखान्यात येतो भेटायला."

"येऊ नकोस," वसंता म्हणाला. "तिथं उशाशी ठोके मोजणारं यंत्र असतं. तू त्याच्याकडेच बघत बसशील."