सुनंदाच्या स्पॅनिशचा पेढा

मैत्रिणींनो, मनातलं बोलल्याशिवाय घरी जाववेना, म्हणून मीरा रोड स्टेशनसमोरच्या सायबर कॅफेत बसलेय. सुनंदा या ग्रुपवर नाही, हे बरंय.

सकाळी तिची आई पेढे घेऊन आमच्या नर्सिंग होममध्ये आली. माझ्याबरोबर नर्स झालेली सुनंदा आता अमेरिकेत आहे. तिथल्या हॉस्पिटलने तिला मेक्सिकोला पाठवलंय, स्पॅनिश बोलणाऱ्या पेशंटशी बोलण्यापुरती ती भाषा शिकायला. एका कुटुंबात राहायचं, दिवसभर स्पॅनिशच बोलायचं, वर घरची बाई गरम गरम वाढणार! मी इथे हिंदी, गुजराती शिकले ती पेशंटची बोलणी खात. माझे पेढे कोणी वाटले?

"'कुठे दुखतंय'ला 'दोन्दे ले दुएले' म्हणतात," काकूंनी सगळ्या स्टाफला शिकवलं.

मग दिवसभर डोक्यात तेच. दुपारी मुर्धा गावच्या एक आजी समोर बसल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन्दे ले दुएले?"

आजींनी शांतपणे गुडघ्यावर हात ठेवला. "यो गो पोरी. बसाया देत न्हाय."

सगळे हसले. मीही हसले.

पेढा मात्र अजून पर्समध्येच आहे. जिवलग मैत्रिणीचा पेढा तुमच्याही घशाखाली कधी उतरेनासा झालाय का गं?