गंध लागलेले तीन लखोटे

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठली चोरी कोणत्या ठाण्यात, कुठली मारामारी कोणत्या जत्रेत, हे जुनी डायरी उघडल्याशिवाय सांगता येत नाही. नगरपालिकेच्या तीन लखोट्यांचे प्रकरण मात्र डायरीशिवाय आठवते. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. पावसाळ्याआधी गटारे साफ करण्याचे काम होते. पण त्या कामापायी एका निर्दोष मुलीला अटक करण्याच्या मी किती जवळ गेलो होतो, हे आठवले की आधी धस्स होते आणि मग सुटल्यासारखे वाटते.

कोणाचे नाव देत नाही, शहराचेही नाही. उत्तर गोव्यातले लहान शहर, एवढे पुरे. मी तिथे निरीक्षक होतो. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रकमालकांपैकी बरेच जण नगरपालिकेची कामे घेऊ लागले होते. मोठ्या कामाची निविदा ऑनलाइन निघते, त्यात बाहेरचेही उतरतात. लहान काम असले की तीन कोटेशने मागवतात आणि कमी दरवाल्याला काम देतात. म्हणून मोठ्या कामाचे तुकडे पाडायचे. बाजारामागचे गटार वेगळे, बसस्टँडचे वेगळे, शाळेजवळचे वेगळे. प्रत्येक तुकडा लहान, प्रत्येकाला तीन लखोटे, प्रत्येक फाइल नियमात. अशी फाइल वाचणाऱ्याला काहीच सापडत नाही. मलाही सापडले नव्हते.

एका सकाळी हजेरी चालू असताना नगरपालिकेचा शिपाई मुख्याधिकाऱ्यांचे पत्र घेऊन आला. सोबत एका ठेकेदाराची तक्रार होती. बाजारामागच्या गटाराच्या कामात त्याचा दर सीलबंद लखोट्यातून फुटला आणि दुसऱ्याने त्याच्याहून किंचित कमी दर भरून काम घेतले, असे त्याचे म्हणणे होते. लखोटे ज्या कपाटात होते त्याची चावी बांधकाम विभागातल्या एका क्लार्क मुलीकडे असे. दुपारी ठाण्यात निनावी फोनही आला. "सायब, ती बाई दर विकता. सगळ्या बाजाराक म्हायत आसा." फोन कट.

खबर दोन बाजूंनी आली की पोलिसाला ती खरी वाटते. दोन्ही बाजूंमागे एकच माणूस असू शकतो, हे तेव्हा माझ्या मनात आले नाही.

मुलगी आमोण्याची, शेतकऱ्याची. घरातली पहिली पदवीधर, पहिली सरकारी पगारदार. खरे तर हे कळल्यावर मी मऊ व्हायला हवे होते, कारण माझेही तसेच. मी चोपड्याचा. वडील शापोरा नदीत मासे पकडत. गावच्या मास्तरांनी फी भरली नसती तर मी कॉलेजचे तोंड पाहिले नसते. पण झाले उलटे. आईबापांनी पोटाला चिमटा काढून शिकवले आणि हिने हे करावे, अशा रागाने मी तिच्यासमोर बसलो.

"कपाटाची चावी कोणाकडे असते?"

"माझ्याकडे, सर."

"दुसरी?"

"दुसरी हरवली. नवीन करून द्या म्हणून दोन अर्ज दिले आहेत. प्रती आणल्यात."

"म्हणजे तुमच्याशिवाय लखोटे कोणी उघडू शकत नव्हते."

"नाही. आणि मीही उघडले नाहीत."

"हे तुम्ही सिद्ध कसे करणार?"

तिने अर्जांच्या प्रती टेबलावर ठेवल्या. "मी सिद्ध करायचे, सर? की तुम्ही?"

बाजूला जबाब लिहीत बसलेल्या हवालदाराला नेमका तेव्हाच खोकला आला. मला राग आला. प्रश्न बरोबर होता म्हणून जास्तच आला.

नगरपालिकेने तोवर तिला टेबलावरून उठवून बाजारात सोपो गोळा करायला पाठवले होते. सोपो म्हणजे बाजारात बसणाऱ्यांकडून घेतात तो जागेचा कर. निलंबनाचा आदेश टाइप होऊन पडला होता, फक्त आमच्या अहवालाची वाट होती. मी साध्या कपड्यांत बाजारात एक फेरी मारली. उंडे, म्हणजे गोल पाव, विकणारा पोदेर तिला पाहून मोठ्याने म्हणाला, "बाई, माझ्या पावाचो दर कोणाक सांगू नका हां!" आजूबाजूचे हसले. मासळीवालीने आणखी भर घातली, "सांग गे सांग, पैशे घेवन सांग!" मुलीने मान खाली घालून पावती फाडली, पैसे घेतले, पुढे गेली. वाटले, चोर असती तर भांडली असती. पण तो विचार मी तिथेच झटकला. अटकेचे कागद दुसऱ्या दिवशी तयार करायचे ठरवून ठाण्यावर परतलो.

दुसऱ्या दिवशी लखोट्यांचा पंचनामा होता. दोन पंच, मुख्याधिकारी, मी आणि तो हवालदार. हवालदार पेडण्याचा, निवृत्तीला आलेला, अक्षर मोत्यासारखे. मी सांगत होतो, तो लिहीत होता. लाखेची सीले उघडण्याच्या दिवशी समितीसमोर कापलेली, त्याआधी छेडछाड नाही. चिकटवलेल्या कडा शाबूत.

"डाव्या कोपऱ्यात पिवळसर डाग," मी म्हणालो. हवालदाराचे पेन थांबले.

"सायब, डाग म्हणून लिवूक सांगू नका. गंध आसा तो."

"बरं, गंध लिही. कोणी पूजा केली असेल."

"एका लखोट्यावर असतां तर मी गप रवलं असतंय. पण तिनांवरय आसा. आनी बघा, दोन बोटांनी ओढल्लो, मधी अक्षता. असो दोन बोटांचो गंध आमच्या भागात एकाच देवळाचो भटमाम लावता. माझ्या भैनीचां सासर त्याच गावात आसा."

मी भिंग मागवले. तिन्ही लखोट्यांवर एकाच जागी गंधाच्या दोन आडव्या रेघा आणि त्यांत चिकटलेला तांदळाचा दाणा. तीन ठेकेदार तीन गावांचे. नवे काम हाती घेताना आपल्याकडे माणूस कागद देवापुढे ठेवतो, पण तो आपल्या गावच्या देवापुढे. एकमेकांविरुद्ध दर भरणाऱ्या तिघांचे लखोटे एकाच देवापुढे कसे गेले?

भटमामांचे ते गाव तिघांपैकी एका मोठ्या ठेकेदाराचे होते. सकाळच्या पूजेनंतर आम्ही दोघे देवळात गेलो. भटमाम सोवळे सांभाळत बाहेर आले.

"पोलीस म्हणून इलास काय भक्त म्हणून?"

"पोलीस म्हणून. पण चपला बाहेर काढल्यात."

ते हसले, पण लखोट्यांचे विचारले तर सांगेनात. देवाला फुलाच्या पाकळ्या लावून कौल, म्हणजे प्रसाद, मागतात, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कोणी काय मागितले ते देव आणि तो माणूस यांच्यातले, ते म्हणाले. लग्नाचे असो, जमिनीचे असो, आपण बाहेर सांगत नाही. मी आग्रह धरला नाही. देवळात दरडावून मिळालेली माहिती गावात दुसऱ्या दिवशी उलटते, हा माझा अनुभव आहे.

आम्ही निघालो तर पायरीवर अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, करत बसलेली एक म्हातारी म्हणाली, "भटमामांनी कित्याक सांगूक होयां? गाऱ्हाणां तर देवापुढे मोठ्यान घातलां, आमी सगळ्यांनी आयकलां."

मी तिथेच पायरीवर बसलो. "काय ऐकलंत, आजी?"

"तीन लखोटे पुढ्यात ठेवले. गाऱ्हाणां घातलां, देवा म्हाराजा, ही तीन लेकरां तुझी. गटाराचां काम एक आसा. भांडाण नको, कोणाक देवचां तां तूच सांग. आमी म्हटलां, व्हय म्हाराजा!"

हवालदाराने तोंड फिरवले. त्याचे खांदे हलत होते.

"म्हणजे आजी, यात तुम्हीपण सामील."

"मिया? माझां काय! कामाचां गाऱ्हाणां म्हटल्यार व्हय म्हणूकच होयां. गटार साफ झालां म्हणजे झालां."

मी तिचा जबाब तिथेच घेतला. अंगठा देताना तिने विचारले, "देवाक कोर्टात बोलयतलास काय?" मी म्हणालो, नाही, एवढ्यावर भागेल.

त्याच दुपारी तक्रारदाराला ठाण्यात बोलावले. चहा दिला. घरचे, मुलाबाळांचे विचारले. मग सहज म्हणालो, "तुमचा दर फुटला, फार वाईट झाले. किती होता हो?"

"कागद बघून सांगतो."

"कागद माझ्याकडे आहे. तुम्ही तोंडी सांगा. ज्या दरापायी काम गेले तो माणूस विसरत नाही."

त्याने रुमाल काढला, कपाळ पुसले आणि एक आकडा सांगितला. तो त्याच्या लखोट्यात नव्हता. बाकीच्या दोघांच्या लखोट्यांतही नव्हता.

पुढचे त्याने आपणहून सांगितले. त्याची फक्त सही होती. लखोटे, कागद, दर सगळे मोठ्या ठेकेदाराने भरले होते. तीन कोटेशने बाजारातल्या एका संगणकाच्या दुकानात एकापाठोपाठ छापून घेतली होती. सगळे सुरळीत चालले असते, पण शहरातल्या एका निवृत्त शिक्षिकेने माहितीच्या अधिकारात विचारले की प्रत्येक गटाराला तीच तीन नावे कशी, आणि दर एकमेकांच्या इतके जवळ कसे. मग मोठा ठेकेदार म्हणाला, लोक संगनमत म्हणायच्या आधी आपणच दर फुटला म्हणून ओरडूया. फुटला म्हटले की नगरपालिकेत कोणीतरी फोडणारा लागतो, आणि चावी त्या मुलीकडे होती. निनावी फोनही मोठ्या ठेकेदारानेच करवला होता.

मोठा ठेकेदार दुसऱ्या दिवशी आला. पांढरा शर्ट, हातात तीन अंगठ्या. तो पोचण्याआधी त्याच्यासाठी एका नगरसेवकाचा फोन येऊन गेला होता. त्याने सगळे नाकारले. गंधाचे विचारले तर म्हणाला, "ऑफिसात शुक्रवारी पूजा करतात. कोणीतरी लावले असेल."

मी कोरा कागद पुढे ओढला. "ठीक. मग जबाब असा लिहितो. हे गंध माझ्या देवाचे नाही. मी लखोटे देवळात नेले नाहीत. देवाला पाकळी लावली नाही, देवाने कौल दिला नाही. वाचा आणि सही करा."

त्याने कागद वाचला. पेन उचलले, टोपण काढले, परत लावले. कागद माझ्याकडे परत सरकवला.

"सायब, तां लिवू नका."

"का?"

"देवान उजवो प्रसाद दिलो. तो दिलोच नाय म्हणून सही करू? घरात माझ्या पोरांबाळां आसत."

"मग गंध लागल्यावर लखोटे बदलायचे होते. कोण विचारणार होते?"

तो माझ्याकडे असे पाहू लागला, जणू मीच काही अभद्र बोललो. "देवाचो गंध लागल्लो लखोटो फेकूक जाता, सायब?"

मग त्याने सगळे सांगितले. आदल्या वर्षी कामाच्या पाळीवरून तिघांत भांडण झाले होते. कोणी कोणाचा शब्द मानेना. तिघेही मानतील असा पंच एकच उरला होता. म्हणून नावे घातलेले रिकामे लखोटे देवापुढे ठेवले आणि पाकळीने ज्याला कौल दिला त्याचा दर सर्वांत कमी भरला. चोरीचा वाटा त्यांनी अगदी प्रामाणिकपणे ठरवला होता.

मी एकच गोष्ट विचारली. "काम कोणाला द्यायचे ते देवाला विचारलेत. त्या मुलीवर आळ घालायचा की नाही, ते विचारले होते का?"

पुढचा जबाब त्याने मान खाली घालूनच दिला.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, म्हणून संगणकाच्या दुकानातली नोंद, सह्या आणि साक्षीदार असे सगळे जोडले. खटला रीतसर उभा राहिला. नगरपालिकेने तिघांनाही कामांपासून दूर केले, गटारांचे तुकडे एकत्र केले आणि एकच खुली निविदा काढली.

मला घाई होती ती दुसऱ्या कामाची. आरोप सगळ्यांसमोर झाला होता, तर तो मागेही सगळ्यांसमोर घ्यायला हवा. मी गणवेशात बाजारात गेलो. मुलगी भाजीवाल्यांच्या रांगेत पावत्या फाडत होती. पोदेर, मासळीवाली सगळे ऐकतील अशा आवाजात सांगितले, "या बाईंनी काहीही केलेले नाही. पोलिसांची चौकशी पूर्ण झाली आहे." मासळीवाली लगेच म्हणाली, "मिया आदीच म्हणत होतंय!"

मुलीच्या डोळ्यांत पाणी आले होते. पण तिने आवाज सांभाळला. "तोंडी नको, सर. लेखी द्या."

मी ठाण्यावर परतलो आणि अहवालाचे पत्र स्वतः लिहिले, टाइप करायला दिले नाही. दोन दिवसांनी ते घेऊन नगरपालिकेत गेलो तेव्हा ती आपल्या जुन्या टेबलावर बसली होती. तिने पत्र दोनदा वाचले, आवक नोंदवहीत चढवले, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला, सही केली आणि माझ्या हातात ठेवली. "तुमची पोच, सर." मग पहिल्यांदाच हसली. तिचे वडील सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून होते. मला पाहून ते उठून उभे राहिले आणि मी जाईपर्यंत बसले नाहीत. मला त्यांच्याकडे पाहवले नाही, कारण माझ्या मनात त्यांच्या मुलीला मी आधीच कोठडीत टाकून बसलो होतो.

त्यानंतर जिथे बदली झाली तिथे नवीन अधिकाऱ्यांना मी एक गोष्ट सांगत आलो. ठेक्याच्या भानगडीत जिंकणाऱ्याच्या मागे सगळेच लागतात. तुम्ही आधी हरलेल्याला बोलवा, चहा द्या आणि त्याचा दर विचारा. आणि समोरची व्यक्ती आपल्यासारखी गरिबीतून शिकून आलेली असेल तर तिच्यावर जास्त रागावण्याचा आपल्याला काही हक्क नाही, हे मी स्वतःला सांगत आलो.

निवृत्तीनंतर घरी पदके आणि प्रशस्तिपत्रे एका ट्रंकेत गेली. ती पोच मात्र मी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. माझ्या हातून झालेल्या अटकांची नोंद सरकारकडे आहे. न झालेल्या एका अटकेची नोंद तेवढी माझ्याकडे आहे.