तिसऱ्या घंटेआधीचा फोन

खालच्या आळीतल्या जोगळेकरांच्या सुनेला नाटकाचं बोलावणं आलं, की ती आधी सासऱ्यांना विचारायची आणि मग नवऱ्याला सांगायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

ऋजुता कुठल्या एका नाट्यमंडळाची नव्हती. ज्याला संगीत नाटकासाठी गाणारी नायिका हवी, तो तिला बोलवी. आज देवरुख, परवा मालवण, मधेच गोव्यातला एखादा उत्सव. नवरा उन्मेष राजापूरच्या कॉलेजात शिकवायचा. तो भल्या सकाळी बाहेर पडे तो दिवेलागणीला परते. त्यामुळे नऊ वर्षांच्या सानवीला शाळेतून आणणं, जेवू घालणं, पाढे म्हणून घेणं, हे सगळं अप्पांवर होतं. दत्तात्रेय जोगळेकर, म्हणजे अप्पा, तरुणपणी एका नाटक कंपनीबरोबर ऑर्गन वाजवत गावोगाव हिंडले होते. मुलगी बघायला गेले तेव्हा त्यांनी स्वयंपाकाचं विचारलं नाही. पट्टी विचारली.

"काळी चार," ऋजुता म्हणाली होती.

"मग तू गा. घर मी बघतो," अप्पा म्हणाले, आणि बोलल्याप्रमाणे वागले. पोर रांगत होती तेव्हाही ऋजुताचा एक प्रयोग त्यांनी चुकू दिला नाही.

गेल्या गणपतीनंतर काहीतरी बिनसायला लागलं. ती रियाजाला बसली होती आणि अप्पांनी सूर धरला तो भलत्याच पट्टीचा. तिनं सांगितल्यावर ते तिच्याकडे बघत राहिले. मग जरा रागानंच म्हणाले, "लीला, रोज याच पट्टीत गातेस ना? आज काय झालं?"

लीला ही त्यांच्या कंपनीतली नायिका. तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

ऋजुता हसली. अप्पाही हसले. पण त्या दिवशी तिचा सूर लागला नाही तो नाहीच.

मग एकदा गॅसवर रिकामं पातेलं लाल होईस्तोवर तापत राहिलं. एकदा बाजारात गेलेल्या अप्पांना ओळखीच्या रिक्षावाल्यानं मांडवीच्या जेट्टीवरून घरी आणून सोडलं. "समुद्राकडे बघत उभे होते, वहिनी. कुठे जायचंय ते सांगता येईना," तो म्हणाला. ऋजुतानं त्याला पाणी दिलं आणि उन्मेषला काही सांगितलं नाही. सांगितलं की आपलं बाहेरगावी जाणं थांबणार, ते तिला स्वच्छ दिसत होतं. जत्रा-उत्सवांचे दिवस तोंडावर होते. एवढा हंगाम जाऊ दे, मग बोलू, असं ती स्वतःला समजावत राहिली.

उन्मेष एका सकाळी बुटाची लेस बांधता बांधता म्हणाला, "अप्पा हल्ली थकलेत, नाही?"

"हो," ती म्हणाली. त्यानं मान वर केली नाही, तिनं पुढे काही विचारलं नाही.

माघात आंजर्ल्याचं बोलावणं आलं. कड्यावरच्या गणपतीच्या उत्सवात दुपारचा प्रयोग होता. निघायच्या दिवशी ती साड्यांची बॅग घेऊन दारासमोरच्या खळ्यात आली, तर अप्पा इस्त्रीचा कोट घालून उभे.

"गाडी कुठवर आली?" त्यांनी विचारलं.

"अप्पा, तुम्हाला नाही यायचंय. सानवीला शाळेतून आणायचंय ना?"

"हो हो. सानवी," ते म्हणाले. कुणी सांगितलेला पत्ता विसरू नये म्हणून पुन्हा म्हणून बघावा, तसं त्यांनी ते नाव उच्चारलं.

क्षणभर ऋजुताला वाटलं, बॅग आत ठेवावी. तेवढ्यात मंडळाच्या गाडीनं हॉर्न दिला आणि ती जाऊन बसली. वळणावर तिनं मागे पाहिलं. अप्पा तसेच उभे होते, हात कोटाच्या खिशात घालून, आपल्यालाही कुणी न्यायला येईल म्हणून थांबल्यासारखे.

आंजर्ल्याला रंगपट देवळामागच्या खोलीत होता. मोबाईलला रेंज मिळायची ती एका खिडकीपाशी. नऊवारी नेसून, नथ घालून ती तयार झाली, दुसरी घंटा झाली आणि खिडकीतला फोन वाजला. शेजारच्या मथुराकाकू होत्या.

"ऋजुता, तुमचं दार सताड उघडं आहे गो. घरात कुणी नाही. मी शाळेत जाऊन आले. अप्पांनी सानवीला मधल्या सुट्टीतच नेलं म्हणतात."

"कुठे नेलं?"

"प्रयोगाला जायचंय असं बाईंना सांगितलं. ते रोजचे येणारे, कोण अडवणार त्यांना?"

तिनं उन्मेषला फोन लावला. मथुराकाकूंनी त्याला आधीच कळवलं होतं. तो राजापूरहून निघाला होता, मागे वाऱ्याचा आवाज येत होता.

"मी येते," ती म्हणाली.

"किती तास लागतील तुला? येऊन तरी काय करणार आहेस? पोलिसांना सांगितलंय. तू गा," तो म्हणाला. मग जरा थांबून, "गा तू," असं पुन्हा म्हणाला, पण आवाजात जवळीक नव्हती. आणि रेंज गेली.

तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला.

त्या दिवशी ऋजुता कशी गायली ते आंजर्ल्याचे लोक अजून सांगतात. एका पदाला दोनदा वन्समोअर मिळाला. तिला त्यातलं काही आठवत नाही. इतकंच आठवतं, की ताना घेताना तिची नजर खिडकीपाशी फोन बघून पुन्हा पुन्हा विंगेत येणाऱ्या पेटीवाल्याच्या भाच्याकडे होती, आणि तो दर वेळी नकारार्थी मान हलवत होता.

दुसरा अंक संपता संपता निरोप आला. सापडले. हातखंब्याला.

झालं होतं असं. अप्पा नातीला घेऊन एसटीनं हातखंब्याच्या तिठ्यावर गेले. पूर्वी कंपनीची गाडी त्यांना तिथून घ्यायची. भर हायवेच्या कडेला ते उभे राहिले. एक टँकर येताना दिसला तसे ते हात वर करून, सानवीचा हात धरून, सरळ रस्त्यात उतरले. कोकम सरबत विकणाऱ्या यमुनाबाईंनी पोरीचं दप्तर मागून धरून खेचलं, म्हणून दोघंही मागे पडली. टँकर थांबलाच नाही. मग सानवीनं यमुनाबाईंना बाबांचा नंबर सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋजुता सानवीच्या समोर बसली. पोरीच्या कोपरांना खरचटलं होतं. ती निमूट पोहे खात होती.

"आजोबा कुठे नेतायत ते विचारलं नाहीस?"

"मला माहीत होतं. आम्ही आधी पण गेलोय तिथे."

"कधी?"

"तू मालवणला गेलीस तेव्हा. आणि गोव्याला. तेव्हा मी म्हटलं, आजोबा, गाडी गेली, आता घरी जाऊ. मग ते यायचे. काल ऐकलंच नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

सानवीनं ताटलीतली मिरची बाजूला केली. "सांगितलं असतं तर तू गाणं सोडलं असतंस."

उन्मेष दारात उभा होता. "मलाही माहीत होतं," तो म्हणाला. "दिवाळीत मला त्यांनी मॅनेजर म्हणून हाक मारली." आतल्या खोलीत अप्पा कुणाशी तरी बोलत होते, आणि आत दुसरं कुणी नव्हतं.

लांबचे प्रयोग ऋजुतानं सोडले. सानवीला शाळेतून आणायला आता ती स्वतः जाते. मंडळांनी चिपळूणची दुसरी मुलगी बघितली. एक-दोघांनी अजून तिचं नाव काढून टाकलेलं नाही, एवढंच. डॉक्टर म्हणाले, यातून माणूस मागे फिरत नाही, जपायचं फक्त. म्हणून अप्पांच्या खोलीला बाहेरून कडी आली. ती उन्मेषनं लावली, आणि लावून झाल्यावर बराच वेळ स्क्रूड्रायव्हर हातात धरून तिथेच उभा राहिला.

सकाळी घर रिकामं झालं, की ऋजुता तंबोरा लावून रियाजाला बसते. ती गाते तोवर आत सगळं शांत असतं. पाणी प्यायला थांबली, की कडी हलू लागते. आधी हळू, मग जोरात. मग ती घोट अर्धा टाकून पुन्हा सूर लावते. हल्ली तिचा घसा दुपारपर्यंत बसतो, पण सकाळी ती थांबत नाही.