विशेष कार्य : निरंक

दुर्गेश्वरी कापगते ही बाई बोलायला कमी नव्हती. वर्गात बोलली की आवाज तलावाच्या पाळीवर ऐकू जायचा. वरिष्ठांशी वाजलं तर मागे हटायची नाही, आणि सौंदडच्या बाजारात भाजीवाले तिला लांबून बघूनच खरा भाव सांगायचे. पण एका बाबतीत तिच्या तोंडाला कुलूप होतं. स्वतः केलेलं ती कुणाला सांगत नसे. शिक्षकांना दरवर्षी स्वयंमूल्यमापनाचा फॉर्म भरावा लागतो, त्यात ‘विशेष कार्य’ असा एक रकाना असतो. बाकीचे मास्तर तो रकाना पुरत नाही म्हणून वेगळी पुरवणी जोडायचे. दुर्गेश्वरी सतरा वर्षं तिथे एकच शब्द लिहीत आली होती, निरंक. म्हणजे सांगण्यासारखं काही नाही.

ही खोड तिची एकटीची म्हणावी, तर तसंही नाही. अख्खं बेहडाटोला गावच तसलं. पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्या कोहळी लोकांचं हे गाव. तलावाच्या पाण्यावर सगळ्या गावाचा धान पिकतो, पण पाळीवर कुणाच्या नावाचा दगड नाही. कुणी बांधला विचारलं तर उत्तर येतं, गावानं. दुर्गेश्वरीच्या सासऱ्यांच्या, म्हणजे भैयालालच्या पणजोबांनी त्या कामात हयात घालवली होती. हे तिला कधी कळलं? लग्नानंतर नऊ वर्षांनी, आणि तेही शेजारणीकडून. केलेलं आपल्या तोंडानं सांगायचं नाही, हे इथल्या लेकरांना चालायला लागल्यापासून शिकवतात. सांगणाऱ्याला कुणी काही बोलत नाही, पण बाया एकमेकींकडे बघतात, आणि ते बघणं फार वाईट असतं.

अशा गावातल्या शाळेत त्या जानेवारीत एका संस्थेची माणसं आली. मुलांची सामाजिक आणि भावनिक कौशल्यं मोजायची होती. गणित येतं का, वाचता येतं का हे तर सगळेच बघतात. पण मूल दुसऱ्याला समजून घेतं का, राग आवरतं का, मदतीला धावतं का, हे कोण बघतो? दुर्गेश्वरीला ही गोष्ट मनापासून पटली. पाचवी ते सातवीच्या चोवीस मुलांना कागद वाटले. कागदावर तीस वाक्यं, प्रत्येकापुढे चार गोल. कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. आपल्याला लागू पडेल तो गोल काळा करायचा. मुलांनी माना खाली घालून गोल भरले आणि कागद गोंदियाला गेले.

त्या कागदावर एका मुलीचं पुढचं सगळं शिक्षण टांगलेलं होतं. बेहडाटोल्याची शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा तेरा किलोमीटरवर, मध्ये जंगल, आणि एसटी मनात आलं तर येणार. चेतना सातवीत पहिली होती. तिची मोठी बहीण रीताही पहिलीच यायची, ती सातवीनंतर घरी बसली ती बसलीच. आता या संस्थेचं गोंदियात मुलींचं निवासी विद्यालय होतं आणि दर शाळेतून एक मुलगी घेणार होते. अट एकच. अभ्यासाबरोबर या मोजणीतही शंभरात पन्नास हवेत.

फेब्रुवारीत निकाल आला. मुख्याध्यापक टेकचंद रहांगडाले यांनी कागद टेबलावर सरकवला.

“ये देखो मॅडम. तालुक्यात आपली शाळा शेवटून पहिली.”

सहानुभूती, अत्यल्प. सहकार्य, अत्यल्प. पुढाकार, अत्यल्प. सगळे रकाने लाल. आणि चेतनाच्या नावापुढे एकवीस.

दुर्गेश्वरीचं डोकं सणकलं. चेतना नाल्यापलीकडच्या टोलीत राहायची. तिथली पाच लहान पोरं ती रोज नाला ओलांडून शाळेत आणायची, दोघांना हाताला धरून, एकाला कडेवर, पुन्हा मागे फिरून उरलेल्यांना. चार वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. आणि या मुलीच्या नावावर सहकार्य अत्यल्प? तिने चेतनाला बोलावलं.

“अवं, ‘मी दुसऱ्यांना मदत करते’ याच्यापुढे ‘कधीच नाही’ काऊन केलंस?”

चेतना पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिली. मग हळूच म्हणाली, “आपल्याच हातानं लिहाचं का मॅडम? मी लय चांगली म्हनून? लोक काय म्हनतीन?”

दुर्गेश्वरीने बाकीच्यांना विचारलं. चोवीसच्या चोवीस मुलांचं तेच. कुणी फसवायला खोटं लिहिलं नव्हतं, कुणाला प्रश्न समजला नव्हता असंही नाही. चांगल्या वळणाच्या मुलांनी चांगल्या वळणाप्रमाणे वागून स्वतःला लाल करून घेतलं होतं. आणि तिला एकदम आपला फॉर्म आठवला, सतरा निरंक एकाखाली एक. कुणाला बोल लावणार? शिकवणारी बाईच तसली.

टेकचंद सरांकडे उपाय तयार होता. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. “पुन्हा भरून मागू. पोरांना सांगू, सगळीकडे ‘नेहमी’ काळा करा. मामला खतम.”

“नाही सर,” दुर्गेश्वरी म्हणाली. “पोरीनं गोंदियाची पहिली पायरी खोटा गोल भरून चढायची? ते मी होऊ देणार नाही. आणि तिला इथे घरीही बसू देणार नाही.”

“मग करणार काय?”

“ते बघते मी.”

बघते म्हणाली खरं, पण काय बघायचं ते तिलाही ठाऊक नव्हतं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तिने सौंदडहून गोंदियाची गाडी धरली आणि संस्थेचं ऑफिस गाठलं. तिथे हिमांशु नावाचा तरुण ही मोजणी बघत होता. गोंदियातच वाढलेला, बोलायला गोड. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की ही प्रश्नावली हजारो मुलांवर तपासून घेतलेली आहे.

“असेल हो,” दुर्गेश्वरी म्हणाली. “तुमचा तराजू चांगलाच असेल. पण आमची पोरं आपणहून त्यात बसतच नाहीत, त्याला मी काय करू?”

तिने त्याला सगळं सांगितलं, तलावाचं, दगडाचं, चेतनाच्या अंगठ्याचं. हिमांशुने मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाला, “मॅडम, मान लिया. पण मला वर काहीतरी दाखवावं लागेल. मुलगी चांगली आहे असं प्रत्येक शिक्षक म्हणतो. आप ही बताइए, कसं मोजायचं?”

परतीच्या गाडीत ती स्वतःवरच चिडून बसली होती. एवढं तावातावानं गेली आणि एका सरळ प्रश्नापुढे गप्प झाली. समोरच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बाया बसल्या होत्या. त्यांच्यातली एक तिसऱ्याच कुणा सावित्रीबाईचं कौतुक सांगत होती. माझ्या बाळंतपणात ती आली, विस्तव पेटवला, पाणी भरलं, मोठ्या पोराला आपल्या घरी नेऊन जेवू घातलं. सांगता सांगता स्टेशन आलं तरी तिचं संपेना. दुर्गेश्वरी ऐकत होती, आणि एकदम तिच्या डोक्यात उजेड पडला. आपलं केलेलं सांगायची लाज, पण दुसरीचं? ते तर आपण पोटभर सांगतो. ते सांगितलं नाही तर उलट लोक कृतघ्न म्हणतात.

सोमवारी तिने चोवीस कोरे कागद वाटले आणि फळ्यावर एकच प्रश्न लिहिला. या महिन्यात तुमच्यासाठी कुणी काय केलं?

पेन्सिली जी चालू झाल्या, त्या मधली सुट्टी झाली तरी थांबेनात. कुणी मागच्या बाजूवर लिहू का विचारलं. पहिली-दुसरीच्या लहानग्यांना तिने तोंडी विचारलं आणि स्वतः लिहून घेतलं. संध्याकाळी ओसरीवर बसून तिने नावं मोजली. चेतनाचं नाव एकोणीस वेळा आलं होतं. हिने मला भागाकार समजावला. हिने माझी आजी वारली तेव्हा डब्यातलं अर्धं मला दिलं आणि काही विचारलं नाही. हिने माझं भांडण सोडवलं, दोघांचंही ऐकून. चेतनाच्या स्वतःच्या कागदावर अकरा जणांची नावं होती आणि प्रत्येकापुढे कारण.

दुर्गेश्वरीचा फोन गेल्यावर हिमांशु गुरुवारी मोटरसायकलवर आला. कागद वाचत गेला तसा त्याचा चेहरा बदलत गेला, पण माणूस कामात चोख होता. त्याने स्वतः लहान मुलांना एकेकटं विचारलं. पहिलीतली एक चिमुरडी म्हणाली, “माही चप्पल नाल्यात वाहून गेली तं चेतनाताईनं मले खांद्यावर आनलं. आन् मायले सांगतलं नाई.”

“हे मी पाठवतो,” हिमांशु म्हणाला. “पण ही पद्धत नवीन आहे, समिती विचारेल की मोजणारं माणूस कोण. त्यासाठी हा फॉर्म. तुम्ही मुलांसाठी आजवर काय केलं, एक पान. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत. कोरा राहिला तर पुढे जाणार नाही, ते माझ्या हातात नाही.”

घ्या. सगळं करून शेवटी त्याच रकान्यापाशी आली.

शुक्रवारी सकाळी दुर्गेश्वरी फॉर्म घेऊन ओसरीवर बसली. चहा निवला. तिने ‘मी’ असं लिहिलं आणि खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. तिला मनापासून शरम वाटत होती आणि त्या शरमेचा संतापही येत होता. एका पोरीचं आयुष्य या पानावर आहे, आणि मला चार ओळी लिहिता येत नाहीत?

बाजेवर बसलेले सासरे, भैयालाल, बराच वेळ बघत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, दिवसाला दहा शब्द बोलणारा.

“काऊन अडून राहिली?”

तिने सांगितलं. म्हातारा म्हणाला, “तू नोको लिहू तुयं. मी सांगतो. तू फक्त उतरून घे.”

“मामाजी, तुम्ही?”

“लिही. दुधरामच्या पोरीनं शाळा सोडली होती. तिच्या घरी अकरा खेपा गेली. अकराव्या खेपेले पोरगी घेऊन आली.”

दुर्गेश्वरीचा हात थांबला. हे तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

“लिही. कोरोनात शाळा बंद होती. पाळीवर आंब्याखाली पोराइले दूर दूर बसवून शिकवलं, सात महिने. लिही. इंद्रकुमारले अक्षर दिसत नव्हतं, त्याले साकोलीले नेऊन चष्मा घेऊन देल्ला.” म्हातारा सांगत गेला. वर्ष, महिना, पोराचं नाव, बापाचं नाव. सतरा वर्षांचं त्याला पाठ होतं. पान भरलं, मागची बाजू भरत आली.

“आनखी एक. तुयी सासू दोन वर्सं खाटेवर होती. रोज तिची वेनी घालून शाळेत गेली. ना तिची वेनी चुकली, ना शाळा.”

“ते शाळेचं काम नाही, मामाजी.”

“नसू दे. लिही.” मग थांबून म्हणाला, “घरचं मानूस म्हनजे आपनच, आपल्या तोंडानं कसं बोलाचं, म्हनून सतरा वर्सं मी गप राह्यलो. तुले एका शब्दानं नाई बोललो. चुकलंच माहं.”

दुर्गेश्वरीने पदर डोळ्यांना लावला. अक्षरं दिसेनाशी झाली म्हणून ती ओळ तिने दुसऱ्यांदा लिहिली. खाली तिने ‘सांगणार’ असं लिहून पेन सासऱ्यांच्या हातात दिला आणि भैयालालांनी पूर्ण नावाची सही केली.

नऊ दिवसांनी हिमांशुचा फोन आला. चेतनाचं नाव लागलं होतं. पुढच्या वर्षी हा उलटा प्रश्न सगळ्या शाळांत विचारायचं चाललंय, असंही तो म्हणाला, पण ते ऐकायला दुर्गेश्वरी थांबलीच नाही. गाडी काढून ती थेट नाल्यावर गेली. शाळा सुटली होती, चेतना पोरांना पलीकडे नेत होती. बातमी ऐकून तिचा चेहरा उजळला, आणि लगेच पडला.

“मॅडम, मंग या लहान्याइले नाल्यापार कोन आनल?”

“मी आणीन.”

“रोज?”

“रोज.”

जूनच्या शेवटी शाळा उघडली. तेव्हापासून सकाळी पावणेदहाला दुर्गेश्वरीची गाडी नाल्याच्या अलीकडे झाडाखाली उभी असते. साडी खोचून ती पलीकडे जाते, दोघांना हाताला धरते, एकाला कडेवर घेते, पुन्हा मागे फिरते. पावसात नाल्याला पाणी वाढलं की वेळ लागतो, पण प्रार्थनेला ती चुकत नाही.

वर्षाअखेर स्वयंमूल्यमापनाचा फॉर्म आला. टेकचंद सर मुद्दाम तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले, या वेळी तरी बाई काही लिहिते का ते बघायला. दुर्गेश्वरीने बाकीचे रकाने भरले. मग ‘विशेष कार्य’ या रकान्यात नेहमीच्या नेटक्या अक्षरात लिहिलं, निरंक.